नऊ नंबरच्या नळीचा सगुण

खरं सांगते, पण हसायचं नाही. म्हणजे मी हसले तर चालेल, तुम्ही नाही. सगुणला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्याला भंगारचोर समजले होते. नुसतं मनात समजून गप्प बसले असते तर आज सांगायची वेळ आली नसती. मी ओरडून सगळा वाडा गोळा केला होता.

चार वर्षांमागचा एप्रिल. साखळी गावाच्या पुढे, आमच्या वाड्याच्या, म्हणजे वस्तीच्या, वरच्या सड्यावर एक रंगाची फॅक्टरी आहे. आहे म्हणजे होती. मालक कुलूप घालून गेला त्याला बारा वर्षं झाली. त्यानंतर रात्रंदिवस भंगारवाले. आधी दारं गेली, मग जनेलांचे, म्हणजे खिडक्यांचे, गज गेले, मग एक दिवस आख्खा जिना गेला. जिना कसा नेला ते अजून कोणाला कळलेलं नाही. तर भिंतीला लागून आमचं काजूचं भाट, म्हणजे बाग, आणि मी तिथे बोंडू गोळा करत होते. भिंतीच्या फटीतून बघते तर पलीकडे एक माणूस गुडघ्यांवर. डोकं खाली, बूड आभाळाला, आणि हातातल्या चाकावरून पिवळी तार सरसर सोडतोय.

झालं! राहिलेली तांब्याची तार न्यायला आलाय मेला.

"कोण रे तो? थांब, तुला दाखवते!" मी ओरडले.

त्याने वर बघितलंसुद्धा नाही. एक बोट उभं केलं आणि म्हणाला, "श्श."

चोर मला गप्प बसायला सांगतोय! मी दुप्पट ओरडले. खालून माझी धाकटी जाऊ भाग्यलक्ष्मी कोयता घेऊन धावत आली, तिच्या मागून आणखी चौघं. तेवढ्यात जमिनीतून आवाज आला, टीं. बारीक, पोपटाच्या पिल्लासारखा. त्या माणसाने तारेवर नखाने खूण धरली, खिशातून वही काढली, काहीतरी लिहिलं, आणि मग आमच्याकडे वळून म्हणाला, "हां. आता बोला."

"चोरी करतोस?" भाग्यलक्ष्मीने कोयता जरा वर केला.

"चोरी करूक चोपड्यासून मोटरसायकलीन येतंय? पेट्रोल तरी सुटात काय गो?"

असा आमचा परिचय.

गळ्यातलं कार्ड त्याने दाखवलं. सगुण. आडनाव सांगत नाही, त्याला आवडायचं नाही. वय तेव्हा पन्नाशीच्या उंबऱ्यावर. उंच, हडकुळा, मान लांब. गुडघ्यांवर बसून मान खाली घातली की थेट शेतातला बगळा. मी त्या दिवसापासून त्याला बगळाच म्हणते. तोही ओ देतो.

काम काय, तर फॅक्टरीवाल्यांनी जाताना मागच्या बाजूला पिंपं पुरली होती. पिंपं कुजली आणि आतलं जे काय होतं ते जांभ्या दगडातून खाली झिरपलं. सरकारच्या लोकांनी ते शोधून काढलं, बाहेरची एक कंपनी आणली, आणि त्या कंपनीने सड्यावर आणि सड्याच्या उतारावर चौदा ठिकाणी भोकं पाडून प्लास्टिकच्या नळ्या उभ्या केल्या. सगुणने दर पंधरा दिवसांनी येऊन प्रत्येक नळीत टेप सोडायची. टेपच्या टोकाला पाणी लागलं की चाकातला भोंगा वाजतो. किती खोल पाणी लागलं ते लिहायचं. बस्स, एवढंच.

"एवढंच?" मी विचारलं होतं. "पाणी किती खोल आहे हे आमची पाणी ओढायची कळशीही सांगते."

तेव्हा त्याने मला सोप्यावर बसून, चहाच्या तीन कपांत कमीजास्त पाणी ओतून, समजावलं. जमिनीखालचं पाणी एका जागी बसून राहत नाही. जिथे त्याची पातळी वर आहे तिथून जिथे खाली आहे तिकडे चालत जातं, अगदी गोगलगाईच्या चालीने, पण जातं. जाताना घाण घेऊन जातं. चौदा नळ्यांची पातळी कळली की कागदावर बाण काढता येतो. बाण पश्चिमेच्या ओहोळाकडे असला तर घाण तिकडे, तिथे कंपनीने ती उपसायची सोय केलीये. बाण दक्षिणेकडे वळला तर घाण आमच्या वाड्याकडे.

आणि आमच्या वाड्याला काय आहे, तर अकरा घरं आणि एक बाव. तुम्ही विहीर म्हणता, आम्ही बाव. नळाला पाणी एका दिवसाआड, तेही उन्हाळ्यात खोकत खोकत येतं. बाकी सगळं बावेवर. भाग्यलक्ष्मीचं तर घरच त्या बावेवर चालतं. तिचा नवरा, म्हणजे माझा धाकटा दीर, खाणीवरच्या ट्रकला होता. खाणी थांबल्या, ट्रक विकला, आणि तो घरात बसून मोबाईल बघायला लागला. तेव्हा तिने बावेच्या खालचा तुकडा खणून तांबडी भाजी, मुळा, मिरची लावली. रोज पहाटे जुड्या बांधून साखळीच्या बाजारात नेते. चाळीस कळशा सकाळी, चाळीस संध्याकाळी. बाव बंद म्हणजे ती बंद.

म्हणून त्या चहाच्या तीन कपांकडे ती उभ्याउभ्या बघत होती, आणि तिने एकच विचारलं. "आता बाण कुठे आहे?"

"ओहोळाकडे."

"वळला तर सांगशील?"

"माझां काम मापूचां. बाण हापिसात काढतत. पण सांगतलंय."

मग दर पंधरा दिवसांनी दुपारचा चहा आमच्या सोप्यावर ठरला. पण पहिले आठ महिने हा माणूस आमच्याकडे पाणी पीत नव्हता, चहाही स्वतःच्या बाटलीतल्या पाण्याचा करायला लावायचा. मला किती राग आला होता म्हणून सांगू! सोवळं असतं तर समजले असते. म्हटलं, "आमच्या बावेचं पाणी आम्ही चार पिढ्या पितोय."

"पियात. बाटलीचो रिपोर्ट येवंदे, मगे मी पण पितंय."

बावेच्या पाण्याची बाटली तपासायला गेली होती. आठव्या महिन्यात रिपोर्ट आला, पाणी स्वच्छ. त्या दिवशी येऊन त्याने दोन तांबे घटाघटा प्यायले, मिशा पुसल्या, आणि म्हणाला, "जरा चुन्याचां लागता." चार पिढ्यांत कोणाला लागलं नाही ते याला लागलं.

हा असा का, हे मला त्याच्या बायकोने सांगितलं. एकदा चतुर्थीच्या आधी ती त्याच्याबरोबर साखळीला आली होती. यशोदा तिचं नाव, बोलायला माझ्यासारखी, म्हणजे गुणी. चोपड्याला नदीकाठी यांची खाजन शेती. भरतीचं खारं पाणी शेतात घुसू नये म्हणून बांधाला लाकडी दारं असतात, त्याला मानस म्हणतात. भरतीला मिटायचं, ओहोटीला उघडायचं. सगुणचा बाप गावाच्या मानशीची राखण करायचा आणि मानशीच्या दगडावर छिन्नीने कोरलेल्या एका खाचेवर पाणी बघायचा. खाचेला पाणी टेकलं की दार मिटलं. सगुण नऊ वर्षांचा असताना बापाने एकदा त्याला राखणीला बसवलं. याने अंदाजाने बघितलं, म्हटलं अजून बोटभर आहे. बोटभर नव्हतं. पाच घरांचं भात खाऱ्या पाण्यात गेलं. बापाने मारलं नाही. दुसऱ्या दिवशी फक्त त्याला खाचेसमोर सहा तास उभा केला, भरती ते ओहोटी.

"तेव्हापासून हे असं," यशोदा म्हणाली. "घरात बांगडे आणले तरी शेपटी धरून मोजतत."

तर नळ्यांचंही तेच. प्रत्येक नळीच्या तोंडावर त्याने कानशीने एक छोटी खाच पाडलेली. टेप त्या खाचेतच टेकवायची, दुसरीकडे नाही. प्रत्येक नळीत तीनदा मापायचं. तिन्ही सारखं आलं तर लिहायचं, नाही तर पुन्हा तीनदा. भोंगा ऐकताना कोणी बोलायचं नाही. कावळा ओरडला तरी त्याच्याकडे असा बघतो की कावळ्यालाच ओशाळं वाटावं.

आणि वाद! सड्यावर जायच्या वाटेला पायऱ्या किती यावरून आमचा वाद तीन महिने चालला. मी म्हटलं बावन्न. जन्म गेला माझा त्या पायऱ्यांवर. तो म्हणाला एक्कावन्न, सगळ्यात खालचो दगड पायरी नाय, तो आपलो पडलोलो आसा. अशा माणसाचं काय करायचं?

तर यंदाची गोष्ट. मार्चच्या सुरुवातीला सगुण घसरला. म्हापशाजवळ मोटरसायकलसमोर कुत्रं आलं, कुत्रं वाचलं, याचा पाय मोडला. जवळजवळ दोन महिने प्लास्टर. कंपनीने मापायला ऑफिसातला दुसरा माणूस पाठवला. पांढरे बूट घालून आला होता. चौदा नळ्या सव्वा तासात आटोपून गेला. सगुणला अख्खा दिवस लागतो. मी म्हटलं, बघा, हुशार माणूस असला की काम कसं पटापट होतं. आता हे आठवलं की स्वतःचे कान उपटावेसे वाटतात.

त्याच दिवसांत शिमगा झाला, आणि शिमग्यानंतर मी राखणदाराचं काम काढलं. आमच्या वाड्याचा राखणदार म्हणजे वाड्याची राखण करणारा देव, सड्याच्या वाटेवर भिंतीबाहेर बसलेला आहे. देऊळ नाही, नुसता दगड. वर्षाला त्याला रोट, नारळ आणि विडी. आजूबाजूला इतका चिखल व्हायचा की नारळ फोडताना पाय सरकायचा. म्हणून मी वाड्यातल्या बायकांकडून वर्गणी काढून चिऱ्यांचा ओटा बांधायचं ठरवलं. गवंडी कृष्णनाथ, सावंतवाडीकडचा, हात सोन्याचा. पण राखणदाराच्या अगदी बाजूला कंपनीची नळी. नऊ नंबरची. ओटा बांधला की नळीचं तोंड ओट्याच्या खाली जाणार.

"मावशी, ही नळी बुजतली," कृष्णनाथ म्हणाला.

"बुजवू नको बाबा. सरकारी वस्तू. सगुण येऊन माझा जीव खाईल."

मग काय करायचं? कृष्णनाथाने तिच्या तोंडावर सॉकेट बसवलं, वर तसल्याच नळीचा तुकडा जोडला, आणि झाकण पुन्हा लावलं. ओटा झाला, वर पांढऱ्या लाद्या बसल्या, आणि नळी आधी जमिनीतून जेवढी वर दिसायची तेवढीच आता ओट्यातून वर दिसायला लागली. कोणाला कळणारसुद्धा नाही. मी कृष्णनाथाला दोन पोई, म्हणजे आमचे पाव, आणि चवळीची उसळ जास्त वाढली. जाताना मी राखणदाराला कुंकू लावलं, आणि बाजूला उभी आहे बिचारी म्हणून नळीलाही लावलं.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कंपनीने पंचायतीच्या हॉलमध्ये सभा बोलावली. कंपनीची इंजिनीअर हर्षा, फोंड्याची पोर, चांगली आहे, उगाच वरच्या पट्टीत बोलत नाही. तिने भिंतीवर नकाशा दाखवला. आधीचे निळे बाण सगळे ओहोळाकडे. मग एक लाल बाण दाखवला. तो सड्यावरून निघून वाकून सरळ आमच्या वाड्यात येत होता.



"नऊ नंबरची पातळी एकदम खाली गेलीये," हर्षा म्हणाली. "पंधरा दिवसांत तेवीस सेंटीमीटर. पुढच्या दोन्ही वेळाही तशीच आली. म्हणजे पाणी आता वाड्याकडे ओढलं जातंय. बावेच्या पाण्यात अजून काही आलेलं नाही, पण वाट बघता येणार नाही. पंधरा तारखेपासून बाव बंद करायची, वर जाळी आणि सील."

"आणि आम्ही?" कोणीतरी विचारलं.

"टँकर येईल."

"भाजीला टँकर?" भाग्यलक्ष्मी म्हणाली. मोठ्याने नाही. हर्षाने नकाशाकडे बघितलं.

मागच्या बाकावरून काठी आपटल्याचा आवाज आला. सगुण. प्लास्टर काढून चार दिवस झाले होते, कामावर अजून आला नव्हता. सभेचं कळलं म्हणून यशोदाच्या भावाच्या गाडीतून आला होता.

"आठ नंबर किती उतरलां?" त्याने विचारलं.

हर्षाने कागद चाळला. "तीन सेंटीमीटर."

"दहा नंबर?"

"चार."

"आठ तीन, दहा चार, आणि मधलां नऊ तेवीस? पाणी काय जिन्यान उतारता?"

दोन-चारजण हसले. हर्षा हसली नाही. "कोणी जवळपास पंप लावला असेल तर होऊ शकतं."

"खंय पंप? वाडो आसा तो. पंप लावूक लायट खंय आसा दुपारची?" आता जरा जास्त हसले, कारण ते खरं होतं. "उद्या सकाळी मी मापतंय. तोवर सील मारू नकात."

"पाय बरा आहे का तुमचा?"

"टेप हातान सोडतत."

सकाळी आठ वाजता आम्ही वर. हर्षा, भाग्यलक्ष्मी आणि चहाचा थर्मास घेऊन मी. सगुणला एक्कावन्न पायऱ्या चढायला वीस मिनिटं लागली, म्हणजे बावन्न. ओट्याजवळ येऊन तो थांबला. ओट्याकडे बघितलं, राखणदाराला हात जोडले. मग काठी टाकून, एका बाजूने कलंडत, कसाबसा गुडघ्यांवर बसला. नऊ नंबरचं झाकण काढलं आणि अंगठा नळीच्या तोंडावरून गोल फिरवला. एकदा. पुन्हा उलट्या बाजूने.

"खाच खंय?"

त्याने वाकून नळीचं तोंड अगदी जवळून बघितलं.

"ह्यां माझ्या नळीचां तोंड नाय."

मी थर्मास उघडून चहा ओतायला लागले. माझ्या लग्नातसुद्धा मी इतकी गप्प नव्हते.

"हा ओटा कधी झाला?" हर्षाने विचारलं.

"शिमग्यानंतर," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "जाऊबायनी बांधून घेतला."

तिघांनी माझ्याकडे बघितलं. आता लपवून काय करणार? सगळं सांगितलं. बुजवायची नाही म्हणून कशी काळजी घेतली, तेही सांगितलं, कुंकवासकट. हर्षा ओट्यावर बसली.

"म्हणजे पाणी खाली गेलंच नाही. नळी वर आली."

"टेप वरसून सोडल्यार खोल वाटतलांच," सगुण म्हणाला. "त्या बुटवाल्यान खाच नाय बघल्यान, कडेक टेप लावल्यान आणि लिवल्यान."

कृष्णनाथ खालच्या घरी दगडी गडगा बांधत होता, त्याला हाक मारून वर बोलावलं. तो चुन्याचे हात घेऊनच आला.

"किती वाढवली नळी?" हर्षाने विचारलं.

"वीतभर," कृष्णनाथ म्हणाला. "मावशीने नळीला हात लावून दाखवल्यान, तिथे पेन्सिल मारली आणि कापली. गुंजभर फरक नाय."

"वीत म्हणजे किती?"

"नऊ इंच," मी म्हटलं. "सगळ्या जगात."

हर्षाने मोबाईलवर आकडे दाबले आणि तिचा चेहराच बदलला. "नऊ इंच म्हणजे बावीस पॉइंट आठ सहा. तेवीस! बरोबर जुळलं. नऊ नंबर जिथे होता तिथेच आहे."

भाग्यलक्ष्मीने डोळे मिटून राखणदाराला हात जोडले. हर्षाने वही उघडली. मी पहिला कप सगुणपुढे धरला. म्हटलं, सुटलो.

"थांबा," सगुण म्हणाला.

"आता काय रे बगळ्या?"

"नऊ इंच कोणी मापल्यान?"

"अरे मेल्या, जुळलंय ना? बाव वाचली. चहा पी."

"तुझ्या वितीर कंपनी बाण काढतली?" त्याने कप घेतला नाही. "आठ तीन उतरलां. दहा चार उतरलां. आणि नऊ कायच उतरूक नाय? मधलां पाणी काय माझ्या पायाचां प्लास्टर निघूची वाट बघीत थांबलां होतां?"

हर्षाचं पेन थांबलं. भाग्यलक्ष्मीने त्याच्याकडे असं बघितलं, जणू तो पहिल्या दिवशीचा कोयता हातात असता तर बरं झालं असतं.

"सगुण," ती म्हणाली, "तुला कळतंय ना रे, तू काय करतोस? कमी भरलं तर?"

"कमी भरलां तर पाणी तितक्या खरांच उतरलां. मगे बाण खंय जाता ता बघूया."

"आणि वाड्याकडे आला तर?"

त्याने टेपचं चाक पुढ्यात ओढलं. "त्या बावचां पाणी तूच पितंस मगे?"

तिने पदर खोचला आणि नळीपासून दोन पावलं मागे सरकली, त्याला जागा करून.

कृष्णनाथ काटकसरी. सॉकेटला गोंद लावलाच नव्हता, नुसता दोरा गुंडाळून घट्ट बसवलेलं. नळीभोवतीची लादी उचलून, आतली माती काढून त्याने आणि सगुणने मिळून पिळलं, दोनदा घसरलं, तिसऱ्यांदा तुकडा सॉकेटसकट वर आला. खाली जुनी नळी, तोंड धुळीने भरलेलं. सगुणने बोटाने धूळ पुसली. खाच होती. तिला बघून त्याचा चेहरा कसा झाला ते मी सांगणार नाही, यशोदाला वाईट वाटेल.

आधी तुकडा मोजला. सॉकेटच्या आतल्या कडेपासून वरच्या तोंडापर्यंत, तीनदा. तिन्ही वेळा एकोणीस पॉइंट सहा.

मग खाचेत टेप टेकवली आणि सोडली. आम्ही चौघंही श्वास धरून. खाली वाड्यात कोणाचा तरी कुकर शिट्टी देत होता, त्यालाही त्याने मनातल्या मनात शिव्या दिल्या असणार. टीं. पुन्हा. टीं. पुन्हा. टीं. तिन्ही सारखे. मग तसाच लंगडत आठ नंबरवर, दहावर, आणि वाड्याच्या बाजूच्या अकरावर. दीड तास. हर्षा त्याच्यामागून वही घेऊन. भाग्यलक्ष्मी ओट्याच्या कडेला बसून, मांडीवर हात, भाजीच्या जुड्या बांधायचे दोरे बोटाभोवती गुंडाळत आणि सोडत.

हर्षाने ओट्यावरच कागद पसरला. तेवीसातून एकोणीस पॉइंट सहा गेले, उरले तीन पॉइंट चार. आठ नंबर तीन, दहा चार, मधला नऊ तीन पॉइंट चार. तिने आजचे आकडे घालून बाण पुन्हा काढला. आधीपेक्षा जरासा वाकलेला, पण ओहोळाकडेच.

"बाव उघडीच राहू दे," ती म्हणाली. "मात्र बाण वाकतोय हे खरं आहे. आता दर आठवड्याला मापायचं आणि बावेची बाटली महिन्यातून एकदा. नळीची वाढ नऊ इंच धरून गेले असते तर हे वाकणं दिसलंच नसतं मला."

भाग्यलक्ष्मी उठली. थंड झालेला सगुणचा चहा ओतून टाकला, थर्मासातला गरम भरला आणि त्याच्या हातात दिला. मग पायऱ्या उतरून गेली, सकाळच्या चाळीस कळशा राहिल्या होत्या.

मी मात्र तशी कशी जाईन?

"तुझी टेप चुकीची आहे," मी म्हटलं. "वीत नऊ इंचांची असते. माझ्या आईची होती, सासूची होती."

"तांची आसात. तुझी नाय."

"माझीसुद्धा."

"हात दाखय."

मी हात ओट्याच्या लादीवर टेकवला आणि बोटं फाकवली.

"ताणू नको, मावशे."

"ताणत नाहीये. माझी वीत अशीच आहे."

"अंगठो पांढरो पडलो."

मी थोडा सैल केला. थोडासाच. त्याने टेपचं टोक माझ्या अंगठ्याला लावलं, पट्टी करंगळीपर्यंत ओढली आणि स्वतः न वाचता हर्षाला बोलावलं. हर्षा वाकली. कृष्णनाथही वाकला, त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

"एकोणीस पॉइंट सहा," हर्षा म्हणाली, आणि तोंडावर वही धरली.

"वयाबरोबर बोटं आखडतात," मी म्हटलं. "डॉक्टरांना विचारा."

सगुणने टेप सावकाश गुंडाळली, चाकाची कडी लावली आणि चहाचा घोट घेतला.

"शिमग्यापासून आजवर तरी आखडूक नाय. तुकडो तितकोच आसा."